‘मर्ज’ होणे म्हणजे मिळणे, मिसळणे की बुडणे?
(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

अर्धविराम
आमच्या गावातील एक लहान पतसंस्था तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या मोठ्या पतसंस्थेत ‘मर्ज’ होणार आहे. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस आणि सभासदांना वाटायचे चार पानी माहितीपत्रक मराठीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी पहिल्या मसुद्यात सरळ ‘विलीनीकरण’ असे लिहिले. तो वाचून संचालक मंडळातील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो, विलीन माणूस होतो, अनंतात. आमची संस्था अजून जिवंत आहे.” त्यांचे म्हणणे मला अगदीच गैर वाटले नाही, कारण निधनाच्या बातम्यांनी हा शब्द खरोखरच आपल्या कानांवर तसा बसवला आहे. मग मी ‘एकत्रीकरण’ लिहिले. दुसऱ्याच दिवशी दोन सभासदांनी विचारले, की जमिनीचे गट पुन्हा पाडणार आहेत काय. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि त्यातील चुकांचे दावे काही घरांत आजही चालू आहेत, त्यामुळे आमच्याकडे ‘एकत्रीकरण’ हा शब्द सातबाऱ्याखेरीज कोणाच्या मनात येत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की मूळ इंग्रजी शब्दाचा नेमका आशय काय आहे? शब्दकोशात ‘एक होणे, एकत्र करणे’ इतकेच सापडते. पण ‘जॉइन’, ‘युनाइट’, ‘कंबाइन’ हे शब्द असताना इंग्रजांना ‘मर्ज’ कशासाठी लागला? शिवाय ‘मर्ज विथ’ आणि ‘मर्ज इन्टू’ अशी दोन्ही रूपे वाचनात येतात, त्यांत अर्थाचा भेद आहे की केवळ सवयीचा? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह लिहावे. मसुदा द्यायला अजून दहा दिवस आहेत.

तळटीप
आपल्या संचालकांना शब्दाची नाडी सापडली आहे असे मला वाटते, कारण इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जोडण्याची कल्पनाच नाही. लॅटिनमधील ‘मेर्गेरे’ या क्रियापदाचा अर्थ पाण्यात बुडवणे, खाली घालणे असा आहे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तेव्हा तोही ‘बुडवणे’ याच अर्थाने आला, आणि दोन गोष्टी एक होण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. त्याच मुळापासून आलेला ‘सबमर्ज’ म्हणजे पाण्याखाली जाणे, ज्यावरून आपण धरणाचे बुडीत क्षेत्र म्हणतो, आणि ‘इमर्ज’ म्हणजे बुडालेले वर येणे. ‘इमर्जन्सी’ हा शब्दसुद्धा त्याच घरातला आहे, कारण ती अचानक वर आलेली परिस्थिती असते.

मराठी वाचकाला याहून जवळची गोष्ट अशी, की लॅटिन ‘मेर्गेरे’ आणि संस्कृत ‘मज्ज्’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. लॅटिन शब्दात जेथे ‘र’ दिसतो तेथे दोन्हींच्या पूर्वज भाषेत ‘झ’सारखा ध्वनी होता, लॅटिनने त्याचा ‘र’ केला, संस्कृतात तो पुढच्या व्यंजनात मिसळून ‘ज्ज’ झाला. ‘निमज्जन’, ‘उन्मज्जन’ हे शब्द पुस्तकी वाटतील, पण ‘मग्न’ आणि ‘निमग्न’ आपण रोज वापरतो आणि ते याच धातूचे आहेत. वाचनात मग्न झालेला माणूस व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘मर्ज’ झालेलाच असतो. इतकेच काय, लॅटिनमध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणत आणि संस्कृतात ‘मद्गु’. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा चौथा पाद सांगायला येतो तो हाच पाणपक्षी. विषयाला थोडे सोडून झाले, परंतु दोन भाषांमधील हे साम्य पाहून मला नेहमी आनंद होतो.

आता ‘विलीन’कडे पाहू. हा शब्द ‘ली’ या धातूवरून आला आहे, ज्याचे अर्थ चिकटणे, विरघळणे, वितळणे असे आहेत. लय, प्रलय, विलय, लीन ही सगळी त्याचीच भावंडे. म्हणजे इंग्रजी शब्दात वस्तू बुडते आणि मराठी शब्दात ती विरघळते. हा भेद किरकोळ नाही. बुडालेली वस्तू ओळख न गमावता तळाशी असू शकते आणि पुढे वर येऊ शकते, पण मीठ पाण्यात विरघळले की त्याचे खडे हाताने परत काढता येत नाहीत. तेव्हा ‘विलीनीकरण’ हा ‘मर्जर’चा प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा अधिक कठोर आहे, असे माझे मत आहे.

दस्तऐवज
तळटीप यांनी सांगितलेला बुडण्याचा अर्थ कायद्यात आजही शाबूत आहे. अठराव्या शतकात विल्यम ब्लॅकस्टन याने इंग्लंडच्या कायद्यावर जे भाष्य लिहिले, त्याच्या दुसऱ्या खंडात जमिनीवरील हक्कांसंबंधी हा शब्द येतो. एकाच मालमत्तेतील मोठा आणि लहान असे दोन्ही हक्क मध्ये अन्य कोणाचा हक्क नसताना एकाच माणसाच्या हाती आले, तर लहान हक्क मोठ्यात ‘मर्ज’ होतो, म्हणजे बुडून नाहीसा होतो, असे त्याने बुडण्याचे क्रियापद वापरून स्पष्ट केले आहे. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १११ भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारे संपतो ते सांगते, आणि त्यातील एक प्रकार हाच आहे. भाडेकरूने राहते संपूर्ण घर मालकाकडून विकत घेतले, की त्याचा भाडेकरूपणा त्याच्याच मालकीत बुडतो. कोणी कोणाला घराबाहेर काढलेले नसते, तरी पट्टा संपलेला असतो.

न्यायालयीन निवाड्यांतही हे तत्त्व आहे. वरच्या न्यायालयाने अपील चालवून खालचा निर्णय कायम केला, बदलला किंवा फिरवला, तर खालचा निर्णय वरच्यात विलीन होतो आणि अंमलबजावणी वरच्या निर्णयाची होते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपील करू देण्याची विनंती, दाखल करून घेण्यासच नकार दिला तर विलीनीकरण होत नाही, कारण अपील जन्मालाच आलेले नसते. ‘कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य’ या २००० सालच्या निवाड्यात ही गोष्ट सविस्तर मांडलेली आहे. या सर्व उदाहरणांत एक मोठे आणि एक लहान आहे, आणि बुडते ते लहान.

आपल्या ‘विथ’ आणि ‘इन्टू’च्या प्रश्नाबद्दल. ‘इन्टू’ म्हटले की दिशा ठरते: हा त्याच्यात गेला. ‘विथ’ म्हटले की दोघे समान पातळीवर उभे राहिल्यासारखे भासतात आणि शेवटी कोण उरणार हे वाक्यावरून कळत नाही. म्हणूनच प्रसिद्धीपत्रकांना ‘विथ’ आवडतो आणि ज्याला सही करायची आहे त्याला ‘इन्टू’ शोधावा लागतो. याला अपवाद आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ‘अमाल्गमेशन’ची व्याख्या करताना एका कंपनीचे दुसरीशी ‘मर्जर’ अशीच शब्दयोजना केली आहे आणि पुढे दोन किंवा अधिक कंपन्यांचे मिळून एक नवी कंपनी होणे हेही त्याच व्याख्येत घेतले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २३२ मध्ये हे दोन प्रकार स्वतंत्र नावांनी येतात: अस्तित्वात असलेल्या कंपनीत सामावून जाणे हा एक, आणि नव्या कंपनीची निर्मिती हा दुसरा.

आपल्यासाठी व्यवहाराचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असणार. त्याच्या कलम १७ मध्ये ‘एकत्रीकरण’ हा शब्द आहे, त्यासाठी निबंधकाची पूर्वमान्यता लागते आणि ठराव विशेष सर्वसाधारण सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. ठरावात कायद्याचाच शब्द ठेवा. सभासदांना गट नंबर आठवले तर आठवोत. पुढे कोणी ठरावाला आव्हान दिले तर शब्दावरून वाद नको.

पासबुक
मी मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखांमध्ये अनेक वर्षे नोकरी केली. १ एप्रिल २०१७ रोजी ही बँक इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक यांच्यासह भारतीय स्टेट बँकेत गेली. परिपत्रकांत ‘अमाल्गमेशन’ किंवा ‘अ‍ॅक्विझिशन’ असे, वर्तमानपत्रांत ‘विलीनीकरण’ असे आणि काउंटरपलीकडच्या माणसाच्या तोंडी फक्त ‘गेली’ असे शब्द होते. “आमची हैदराबाद बँक स्टेट बँकेत गेली” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ‘मर्ज इन्टू’चा याहून नेमका अनुवाद मला सुचत नाही. त्यात दिशा आहे, थोडी हळहळ आहे आणि कोण उरले याबद्दल कसलाही संदेह नाही.

‘अमाल्गमेशन’ हा शब्द खरे तर रसायनातला. पाऱ्यात दुसरा धातू मिसळला की जे तयार होते ते ‘अमाल्गम’. दंतवैद्य दाढेत पूर्वापार भरत आले त्या चंदेरी मिश्रणात निम्म्याच्या आसपास पारा असतो. सोने गाळताना पाऱ्यात मिसळलेले सोने तापवून पुन्हा वेगळे करतात, म्हणजे या शब्दात मुळात परतीची वाट आहे. बँकांच्या बाबतीत ती वाट नसते. ज्या बँकेचे सर्व काही द्यायचे ती ‘हस्तांतरक’ आणि ज्या बँकेने घ्यायचे ती ‘हस्तांतरिती’, असे योजनेत स्पष्ट लिहिलेले असते. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक या बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, त्यानंतर वर्षभराने, १ एप्रिल २०२० रोजी, दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. एकाही वेळी नवे नाव जन्माला आले नाही.

सभासदांच्या माहितीपत्रकात शब्दापेक्षा पुढील गोष्टी ठळकपणे लिहाव्यात, असा माझा अनुभव सांगतो: खाते क्रमांक बदलणार की तोच राहणार, जुनी ठेवपावती मुदतीपर्यंत त्याच व्याजदराने चालणार का, आणि एकाच गल्लीत दोन्ही संस्थांच्या शाखा असतील तर कोणती बंद होणार. आमच्याकडे लोकांना विलीनीकरण कळले ते जवळची शाखा बंद झाली त्या दिवशी.

मांडवीकाठ
गोव्याच्या माणसाला ‘मर्जर’ हा शब्द शब्दकोशातून शिकावा लागत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी येथे जनमत कौल घेण्यात आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि वेगळे राहण्याची दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

या धाग्याच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो शब्दाचा भाग. विलीनीकरणाच्या बाजूच्या मंडळींच्या मनात, निदान माझ्या घरातील जुन्या माणसांच्या मनात, हा शब्द घरी परत जाण्याचा होता. मराठी शाळा, मराठी नाटक, मराठी देवळातील कीर्तन, मग वेगळे राहायचे कशाला, असे ते म्हणत. विरुद्ध बाजूला तोच शब्द बुडण्याचा होता: कोंकणी बुडेल, गोव्याचे वेगळे रूप बुडेल, एवढ्या मोठ्या राज्याच्या कोपऱ्यातला आपण एक जिल्हा होऊ. दोघेही एकच शब्द उच्चारत होते, पण एकाच्या मनात दुधात मिसळणारी साखर होती आणि दुसऱ्याच्या मनात पाण्याखाली जाणारे गाव. कौलानंतर काही आठवड्यांतच निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे पक्ष हवा, नेता हवा, विलीन होणे नको, असे म्हणणारे मतदारही पुष्कळ असले पाहिजेत. त्या पिढीतील माणसांसमोर ‘विलीनीकरण’ हा शब्द आजही जपून उच्चारावा लागतो.

जुना राजवाडा
कोल्हापूरहून थोडी भर घालतो. संस्थानांच्या संदर्भात तीन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत, कारण वर्तमानपत्रे ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. १९४७ मध्ये संस्थानिकांनी ज्यावर सह्या केल्या तो सामीलनामा. त्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारत सरकारकडे गेले. गादी, दरबार, अंतर्गत कारभार सगळे जागेवर होते. त्यानंतर आले ते विलीनीकरण, ज्यात संस्थानच शेजारच्या प्रांतात मिळाले. सांगली, औंध यांसारखी दक्षिणी संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आणि बडोदे त्याच वर्षी १ मे रोजी. तिसरा प्रकार काठेवाडात घडला, जिथे लहानमोठ्या संस्थानांनी एकत्र येऊन सौराष्ट्र हा नवा संघ केला. सामील, विलीन आणि संघ या तीन शब्दांत कोणाचे काय उरले, याचा पूर्ण हिशेब आहे.

चौथा शब्द ‘खालसा’. साताऱ्याचे राज्य कंपनी सरकारने १८४८ मध्ये खालसा केले. तिथे सहीच नव्हती. खालसा करणारा एक असतो आणि होणाऱ्याला कोणी विचारत नाही. पतसंस्थेच्या माहितीपत्रकात हा शब्द येणार नाही हे उघड आहे, परंतु सभेत कोणी ना कोणी तो उच्चारेल, याची तयारी ठेवावी.

फलाट क्रमांक तीन
वरच्या बहुतेक प्रतिसादांत लहान पक्षाला बुडण्याची भीती आहे. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे एसटी कर्मचाऱ्यांचा २०२१-२२ चा संप. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही त्यांची मुख्य मागणी होती आणि ती मान्य झाली नाही. महामंडळ हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली उभे असलेले वेगळे मंडळ असल्यामुळे त्याचे कर्मचारी शासकीय कर्मचारी ठरत नाहीत. विलीन झालो तर वेतन, निवृत्तिवेतन आणि वेळेवर पगार मिळेल, एवढा सरळ हिशेब होता. डेपोबाहेर बसलेल्या माझ्या चुलतभावाला ‘विलीन’ शब्दात लय किंवा प्रलय दिसत नव्हता. त्याला महिन्याची सात तारीख दिसत होती. मोठ्यात मिसळून लहान बुडतो तसा तरतोही.

रकाना
संगणकावर काम करणाऱ्यांसाठी हा शब्द इतका रोजचा आहे, की आम्ही ‘मर्ज करणे’ असेच मराठीत बोलतो आणि त्याचा प्रतिशब्द शोधत नाही. तरीही दोन सोयी पाहा. एक्सेलमध्ये शेजारचे चार रकाने ‘मर्ज’ केले, तर फक्त डाव्या वरच्या रकान्यातील मजकूर राहतो आणि बाकीच्या तिन्हींतील मजकूर नाहीसा होतो. एक्सेल आधी तशी सूचना देते, पण ती न वाचता होकाराचे बटण दाबणारे अनेक असतात. एका कार्यालयात अशाच एका क्षणी निम्मी हजेरी पुसली गेल्याचे मी पाहिले आहे. दस्तऐवज यांनी सांगितलेला जुना कायदेशीर अर्थ तिथे अक्षरशः लागू होतो.

याउलट प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीत दोन जणांनी एकाच फायलीत वेगवेगळे बदल केले असतील आणि ते ‘मर्ज’ केले, तर दोन्ही शाखांचा इतिहास जसाच्या तसा राहतो, आणि जोडणीच्या नोंदीला दोन पूर्वज असतात, जसे मुलाला आईवडील. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर प्रणाली स्वतः निवाडा करत नाही. दोन्ही रूपे समोर ठेवून माणसाला निवड करायला सांगते. एकाच उद्योगातील एकाच शब्दाने एका ठिकाणी बुडवणे आणि दुसऱ्या ठिकाणी कोणालाही न बुडवता जोडणे दाखवावे, हे मला गमतीचे वाटते. आमच्या ‘मर्ज’ला मराठीत एकच प्रतिशब्द द्यायचा हट्ट धरला, तर या दोहोंपैकी एका ठिकाणी तो खोटा ठरेल.

पाणपोई
मी न्यू जर्सीत राहते, म्हणून छोटीशी भर. येथे महामार्गावर चढताना पिवळ्या पाटीवर ‘मर्ज’ लिहिलेले किंवा चित्राने दाखवलेले असते. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याने वेग जुळवून मुख्य प्रवाहात शिरायचे असते आणि सामान्यतः वाट द्यायची जबाबदारी शिरणाऱ्याचीच असते. गाडी शिकताना माझ्या वडिलांना मी मराठीत सांगितले, “बाबा, आता मिळा.” त्यांना ते लगेच कळले. नदी मिळते, रस्ता मिळतो, तशी गाडीही मिळते.

घाटमाथा
पाणपोई यांनी ‘मिळणे’ हे क्रियापद पुढे आणले याचा मला विशेष आनंद झाला, कारण मी शाळेत भूगोल शिकवीत असे आणि हा सगळा धागा वाचताना मला नद्याच दिसत होत्या. महाराष्ट्रातील नद्या तीन तऱ्हांनी एकमेकींना मिळतात आणि दस्तऐवज यांनी सांगितलेले कंपनी कायद्यातले प्रकार त्यांत जवळजवळ जसेच्या तसे सापडतात.

कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या समोरासमोर येतात आणि काटकोनात वळून पुढे जातात, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. पण प्रीती कितीही असली तरी संगमानंतरची नदी फक्त कृष्णा आहे. कोयनेने पाणी दिले, नाव दिले नाही. ‘मर्ज इन्टू’ म्हणतात ते हेच. नकाशावर पाहिले तर कोयना काही लहान ओढा नाही, तिच्यावरच्या धरणाने राज्याला वीज दिली, तरी संगमाखाली तिचा उल्लेख नाही.

आता पुण्यात या. मुळा आणि मुठा यांचा संगम झाल्यावर पुढच्या प्रवाहाला कोणी मुळा म्हणत नाही की मुठा म्हणत नाही. तो मुळा-मुठा आहे. दोन्ही नावे मध्ये एक आडवी रेघ घेऊन शेजारी शेजारी नांदतात. पण किती काळ? रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते आणि तिथे दोन्ही नावे एकदम संपतात. जोडनाव घेतलेल्या अनेक संस्थांचे असेच होत असावे. पहिल्या संगमात दोघी वाचतात, दुसऱ्यात दोघी जातात.

तिसरी तऱ्हा विदर्भात. वर्धा आणि वैनगंगा या दोन्ही मोठ्या नद्या. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे त्या एकत्र येतात आणि पुढचा प्रवाह ना वर्धा असतो ना वैनगंगा. त्याचे नाव प्राणहिता. सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळेपर्यंत ती या नव्या नावाने वाहते. कोणी कोणात गेली नाही. दोघींनी मिळून तिसरी घडवली. सौराष्ट्राचा संघ हा प्राणहितेच्या जातीचा, आणि कोल्हापूरचे विलीनीकरण कोयनेच्या जातीचे.

मुलांना मी हे तिन्ही नकाशे एकामागून एक फळ्यावर काढून दाखवीत असे आणि विचारीत असे, की पाण्याच्या बाबतीत काही फरक पडला का. पाणी तिन्ही ठिकाणी सारखेच मिसळते, गढूळ आणि नितळ काही अंतरापर्यंत शेजारी शेजारी दिसते आणि मग दिसेनासे होते. फरक फक्त नावाचा आहे. वरच्या सगळ्या प्रतिसादांतील भांडणे पाहिली तर तीही बहुतांशी पुढे कोणाचे नाव चालणार याचीच आहेत, आणि म्हणून इंग्रजीतला एक शब्द मराठीत एकाच शब्दाने भागवण्याऐवजी, आपली नदी कोणत्या तऱ्हेची आहे ते आधी ठरवावे आणि मग शब्द घ्यावा, असे मी सुचवीन.

तळटीप
घाटमाथा यांच्या वर्गीकरणाला एक उपशाखा जोडतो. अलीकडे ‘डीमर्जर’, म्हणजे एका संस्थेतून तिचा भाग वेगळा काढणे, हा शब्दही चलनात आहे. मूळ अर्थ धरला तर ‘न-बुडवणे’ असे काहीतरी विचित्र होते, कारण बुडालेले वर येण्यासाठी ‘इमर्ज’ हा शब्द आधीच होता. मराठीत त्यासाठी ‘विलगीकरण’ लिहिलेले मी पाहिले. पण २०२० नंतर हा शब्द ऐकला की माणसाला घराच्या दारावर चिकटवलेला कागद आठवतो. शिवाय छापताना ‘विलीनीकरण’ आणि ‘विलगीकरण’ यांत अक्षराचाच काय तो फरक राहतो आणि अर्थ थेट उलटा होतो. मुद्रितशोधकांनी सावध राहावे. ‘विभाजन’ हा साधा शब्द पुरेसा आहे, आणि सहकार कायद्याच्या त्याच कलम १७ मध्ये तो आहेही.

अर्धविराम
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमची नदी कोयनेच्या जातीची आहे, हे घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचताच ठरले, आणि ते ठरल्यावर लिहिणे सोपे झाले. ठरावात कायद्याप्रमाणे ‘एकत्रीकरण’ ठेवले आहे आणि त्यापुढे लगेच कलमाचा उल्लेख केला आहे, म्हणजे कोणाला गट नंबर आठवू नयेत. माहितीपत्रकात आधी मी ‘सामील होणे’ असे लिहिले होते. ते कानाला गोड वाटत होते, परंतु जुना राजवाडा यांनी सांगितलेला सामीलनाम्याचा अर्थ लक्षात घेता ते सभासदांची दिशाभूल करणारे ठरले असते. सामील होणाऱ्याची गादी राहते, आमच्या संस्थेची राहणार नाही. म्हणून अखेरीस नामच वापरले नाही. मजकूर असा आहे: “आपली संस्था तालुक्याच्या संस्थेत जाईल. आपल्या संस्थेची नोंदणी रद्द होईल. आपले भाग, ठेवी आणि कर्जे त्या संस्थेच्या नावे पुढे चालू राहतील.” ‘जाईल’ या क्रियापदासाठी पासबुक यांचा ऋणी आहे.

ते ज्येष्ठ संचालक हे वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी नोंदणी रद्द होण्याचे वाक्य परिच्छेदाच्या मध्यातून उचलून सुरुवातीला आणायला सांगितले. तसे केले आहे.

दस्तऐवज
योग्य केलेत. फक्त “त्या संस्थेच्या नावे” याऐवजी “त्या संस्थेकडे” असे करावे. ठेव सभासदाच्याच नावे असते. देण्याची जबाबदारी तेवढी दुसरीकडे जाते.

अर्धविराम
दुरुस्ती केली. मागच्या पानावर ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता आहे, त्यात शेवटचे दोन स्तंभ फारच अरुंद असल्यामुळे ‘एकत्रीकरणापूर्वी’ आणि ‘एकत्रीकरणानंतर’ हे शब्द काही केल्या मावेनात. तेथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच छापले आहे.